डीझेल एंजिनाची वाहनाबाहेरील चाचणी

वाहनातून उतरविलेल्या अथवा अद्याप वाहनात न बसविलेल्या डीझेल एंजिनाची यांत्रिक स्थिती व शक्ती स्वतंत्र चौकटीवर अजमावण्याची पद्धती. जुने एंजिन विकत घेताना, तसेच दुरुस्तीनंतर ते पुन्हा चढविण्यापूर्वी ही चाचणी आवश्यक ठरते. कारण एंजिन सांगाड्यात बसविल्यावर दोष उघडकीस आला, तर ते उतरविण्याचे सर्व श्रम दुसऱ्यांदा करावे लागतात. एंजिन चालू होणे आणि ते भार ओढण्यास समर्थ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चाचणीच्या इतिहासाचा मोठा भाग हा भेद मोजमापात कसा आणला गेला याचाच इतिहास आहे [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

डीझेल एंजिनाच्या जन्मापूर्वीच मोजमापाची साधने सिद्ध झाली होती. सिलिंडरातील बदलता दाब कागदावर आलेखित करणारा दर्शक जेम्स वॉट यांच्या वाफ एंजिनांच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये घर्षणरोधक वापरला. त्यात फिरत्या चाकावर लाकडी ठोकळे आवळून तरफेच्या टोकावरील वजनाने एंजिनाचे पीडन मोजता येत असे. विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये घर्षणाच्या जागी पाण्याचा विरोध योजला. मोठ्या एंजिनांच्या शक्तिमापनाचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांचे एंजिन चाचणीच्या चौकटीवरच वाढले. आउग्सबुर्ग येथील कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगात ते स्वतःच्या बळावर चालत नव्हते, तर कारखान्याच्या दंडाला जोडलेल्या पट्ट्याने फिरविले जात होते. इंधन आत जाताच स्फोट झाला, दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत चढला आणि मापन करणारा दर्शकच फुटून गेला. संपीडनाच्या उष्णतेने इंधन पेटते हे मात्र सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी एंजिन सुमारे एक मिनिट स्वतःच्या शक्तीने फिरले. ते भाराखाली उतरण्यास आणखी तीन वर्षे लागली. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी घेतलेल्या अधिकृत चाचणीत एंजिनाची कार्यक्षमता २६·२% भरली. त्या काळच्या चांगल्या वाफ एंजिनांपेक्षाही ती पुष्कळ अधिक होती. बिनभाराचे एक मिनिट आणि भाराखालची ही चाचणी यांमधील तीन वर्षे या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नयेत.

पुढील सुमारे पाव शतक डीझेल एंजिन कारखान्यांत आणि जहाजांत राहिले. मालमोटारींत ते १९२३–२४ च्या सुमारास जर्मनीत आले आणि बॉश कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू केल्यावर रस्त्यावर स्थिरावले. त्यानंतरच वाहनातील व वाहनाबाहेरील अशा दोन चाचण्या वेगळ्या झाल्या.

महाराष्ट्रात हा विषय प्रथम शेतीच्या वाटेने आला. सातारा रोड येथील कूपर कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स कंपनी यांची एंजिने विहिरींवर व पिठाच्या गिरण्यांत पोहोचली. पुण्यात १९६६ मध्ये वाहन संशोधनाची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली, तर अंतर्ज्वलन-एंजिनांच्या चाचणीपद्धतींचे भारतीय मानक (आयएस १००००) १९८० पासून प्रसिद्ध झाले. एकसिलिंडरी किर्लोस्कर एंजिनाच्या प्रचक्राशी जोडलेल्या डबीवर दोर गुंडाळून शक्ती काढण्याचा प्रयोग भारतातील यंत्र अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी केलेला असतो.

मराठवाड्यात एंजिनाच्या स्थितीचा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीने तातडीचा केला. निजाम राज्य रेल्वेच्या मार्ग वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. नांदेड जिल्ह्यातील मुखेड हे तालुक्याचे ठिकाण या दृष्टीने बोलके आहे. गावात रेल्वे नाही, जिल्ह्याचे ठाणे सुमारे ७० किमी. दूर, आणि बाजार, न्यायालय, महाविद्यालय यांसाठीची ये-जा मुख्यतः रस्त्यावर अवलंबून. अशा आगारातील एक गाडी बंद पडली, की काही गावांचा त्या दिवसाचा संपर्कच खंडित होतो. महामंडळाच्या रचनेत किरकोळ दुरुस्ती आगारात आणि मोठी कामे विभागीय व मध्यवर्ती कर्मशाळांत होतात. दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) येथे मध्यवर्ती कर्मशाळा आहेत. दूरच्या कर्मशाळेतून दुरुस्त होऊन येणारे एंजिन तेथेच पारखले जाणे, ही आगाराच्या दृष्टीने चैनीची बाब नव्हे.

चाचणीचा पहिला भाग एंजिन न पेटविता होतो. भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून अडथळा किंवा ढिलाई पाहतात. वंगण तेलात पाणी मिसळले असल्यास ते दुधाळ दिसते. तेलात चकाकणारे कण असल्यास धारवे झिजल्याचा संशय घ्यावा लागतो. नंतर अंतःक्षेपक काढून त्याच्या छिद्रात दाबमापक बसवितात व आरंभक चलित्राने एंजिन फिरवितात. वाहनांच्या बहुतेक एंजिनांत हा दाब दर चौ. सेंमी.स २० ते ३० किग्रॅ. भरतो. निर्मात्याने ठरविलेली किमान मर्यादा प्रमाण मानावी, पण सिलिंडरांतील परस्पर फरक अधिक बोलका असतो.

येथे एक सावधगिरी हवी. पेट्रोल एंजिनात कड्यांची झीज ओळखण्यासाठी सिलिंडरात थोडे तेल सोडून दाब पुन्हा मोजतात. डीझेल एंजिनात ही युक्ती फसवी आहे. उदा., ८७·५ मिमी. व्यास, ११० मिमी. धाव आणि १७·५ संपीडन गुणोत्तर असलेल्या एंजिनात दट्ट्या वरच्या टोकाला असताना जेमतेम ४० घ. सेंमी. जागा उरते. तीत १० घ. सेंमी. तेल गेले, तर गुणोत्तर २३ पर्यंत चढते आणि झिजलेला सिलिंडरही धडधाकट भासतो. जुन्या एंजिनाच्या व्यवहारात तेलाने ओले केलेले सिलिंडर किंवा मुद्दाम भरलेले दाट वंगण घेणाऱ्याला याच कारणाने फसवू शकते.

गळतीची चाचणी यापेक्षा अधिक विश्वसनीय आहे. दोन्ही झडपा बंद असताना दट्ट्या वरच्या टोकाला आणून, भुजादंड घट्ट अडवून अंतःक्षेपकाच्या छिद्रातून दाबाची हवा सोडतात. फुसकारा हवा आत घेणाऱ्या तोंडाशी ऐकू आला तर आदान झडप, निष्कास तोंडाशी आला तर निष्कास झडप, तेल भरण्याच्या तोंडाशी आला तर कड्या सदोष असतात. शीतनाच्या पाण्यात बुडबुडे दिसले, तर शीर्षाचे गॅस्केट फुटलेले अथवा शीर्षाला तडा गेलेला असतो. जाणत्या कारागिराचा कान येथे मापकाइतकाच कामी येतो. त्याला हसण्याचे कारण नाही.

यानंतर एंजिन चौकटीवर पक्के बोल्ट लावून, स्वच्छ इंधन, पाणी आणि वंगणदाबमापक जोडून सुरू करतात. थंड एंजिनाचा आरंभ, धुराचा रंग आणि तेल भरण्याच्या तोंडातून येणारी वाफ यांची नोंद घेतात. झिजलेल्या कड्यांमधून वर चढलेले वंगण तेलच इंधन म्हणून जळू लागले, तर डीझेल एंजिन बेफाम वेग घेते आणि इंधन तोडूनही थांबत नाही. म्हणून हवेचे तोंड बंद करण्याची तबकडी चाचणी घेणाऱ्याच्या हाताशी असावी लागते. हात किंवा चिंध्या तोंडावर धरण्याची सवय प्राणघातक आहे.

बिनभाराने गोड चालणारे एंजिन भाराखाली काळा धूर ओकून तापू शकते. म्हणून निर्णायक चाचणी शक्तिमापकावरच होते. वेग मिनिटास न फेरे व पीडन प किग्रॅ.-मीटर असल्यास मेट्रिक अश्वशक्ती २π न प / ४,५०० इतकी असते. नव्याने दुरुस्त झालेले एंजिन प्रथम बाहेरील चलित्राने, मग स्वतःच्या इंधनावर, क्रमाक्रमाने वाढत्या भाराखाली चालवून कड्या व धारवे बसवून घेतात. मोजलेल्या शक्तीला हवेचे तापमान व दाब यांनुसार शुद्धी द्यावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर असताना हवा विरळ होते. अशा दुपारी काढलेला आकडा थंड ऋतूतील आकड्याशी जसाच्या तसा ताडून एंजिनाला दोष देणे अन्यायाचे होईल.

भारतात प्रदूषण मानकाचा चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून आणि सहावा टप्पा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. त्यांनुसार बनलेली इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची एंजिने मूळ नियंत्रक, तारांची जुडी आणि संवेदक जोडल्याशिवाय वाहनाबाहेर सुरूच होत नाहीत. त्यांच्या इंधननळीतील दाब १,००० वातावरणांच्या वर जात असल्याने सुट्या नळ्या लावून प्रयोग करणेही धोक्याचे ठरते. यांत्रिक पंपाची जुनी एंजिने मात्र अजूनही भक्कम चौकट, विद्युत् घट, डीझेलचा डबा आणि पाण्याची टाकी एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या कर्मशाळेत पारखता येतात.