विमानाचे सुटे भाग : वाहतुकीतील नुकसान, दायित्व व विमा

इंजिन, लँडिंग गिअर, इंधन-नियंत्रक यांसारखे विमानाचे भाग कारखाना, दुरुस्तीकेंद्र आणि विमानतळ यांच्या दरम्यान नेले जात असताना त्यांना इजा झाल्यास तिची भरपाई कोणी व किती करावयाची, हे एकीकडे वाहतुकीच्या कायद्यांवरून आणि दुसरीकडे विम्याच्या करारावरून ठरते. या दोहोंची मापे वेगळी असून सर्व अडचणींचे मूळ त्यातच आहे, कारण कायदा माल वजनाने किंवा भाड्याने मोजतो आणि विमानाच्या भागाचे मोल मात्र त्यांत नसते.

अशा भागांचे नुकसान पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. इंजिन बंद असताना रस्त्यावरचे हादरे सतत बसत राहिल्यास बेअरिंगमधील गोळ्या एकाच जागी घासून सूक्ष्म खाचा पडतात. म्हणून इंजिन धक्के शोषणाऱ्या स्टँडवर बसवून, हवेच्या स्प्रिंगांवर तोललेल्या ट्रेलरमधून नेतात. शिवाय भाग उड्डाणयोग्य असल्याचा दाखला, म्हणजे युरोपात ‘ईएएसए फॉर्म १’, अमेरिकेत ‘एफएए ८१३०-३’ आणि भारतात ‘सीए फॉर्म १’, सोबत नसेल, किंवा धक्क्यानंतर तो पुन्हा देण्यास कोणी तयार नसेल, तर धडधाकट दिसणारा भागही विमानात बसवता येत नाही. काही वेळा नुकसान उघडउघडही असते : ३ जुलै २०१४ रोजी अमेरिकेतील माँटाना राज्यात मालगाडी घसरली, तेव्हा विचिटाहून रेंटनकडे निघालेल्या बोइंग ७३७ विमानांच्या सहा धडांपैकी तीन क्लार्क फोर्क नदीच्या काठावरून खाली गेली. पुढे सहाही मोडीत काढण्यात आली.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीस १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतात तो २००९ पासून अमलात असून १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट आहे. माल ताब्यात असताना झालेल्या नुकसानीस वाहक, म्हणजे विमान कंपनी, चूक सिद्ध न होताही जबाबदार असते. मालातील अंगभूत दोष, दुसऱ्याने केलेले सदोष वेष्टन, युद्ध किंवा सरकारी कृती हे कारण तिने दाखवले तर तिची सुटका होते. या जबाबदारीला मात्र कमाल मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या हिशेबी एककात ती दर किलोस मूळ १७ होती आणि २८ डिसेंबर २०२४ पासून २६ झाली. त्यानुसार २,४०० किलोंच्या इंजिनाची कमाल भरपाई ६२,४०० एसडीआर भरते, तर चार किलोंच्या इंधन-नियंत्रकाची अवघी १०४. इंजिनाची किंमत लाखो डॉलरांत असते हे लक्षात घेता ही रक्कम नाममात्रच म्हणावी लागेल. माल सोपवतानाच त्याचे विशेष मूल्य घोषित करून जादा आकार भरल्यास मर्यादा वाढते, अन्यथा वाहकाचा जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा सिद्ध झाला तरीही मालाच्या बाबतीत ती मोडत नाही. भारतातील रस्तावाहतुकीत २००७ च्या अधिनियमाखालील नियमांनी दायित्व सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत सीमित केले असून तेथेही जादा मूल्य घोषित करण्याची सोय आहे.

ही तफावत विम्याने भरून काढावी लागते. प्रवास विमानाने झाला तरी त्याचा विमा ‘मरीन’ विम्यातच मोडतो, ही नावापुरती गंमत सागरी व्यापाराच्या जुन्या वारशातून आली आहे. ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (एअर)’ ही कलमे वगळलेली कारणे सोडून सर्व जोखमी स्वीकारतात. मात्र अपुरे वेष्टन, अंगभूत दोष व विलंब ही कारणे वगळलेलीच असतात, त्यामुळे इंजिनाचा स्टँड योग्य प्रकारचा होता का, हाच पुष्कळदा वादाचा मुख्य मुद्दा ठरतो. भौतिक इजा सिद्ध न होता केवळ दाखला गमावला गेला, तर तो तोटा विम्यात बसतो का, हेही कराराच्या शब्दांवर अवलंबून राहते. भरपाई दिल्यावर विमा कंपनी विमाधारकाच्या जागी उभी राहून वाहकाकडून वसुली करू शकते. या हक्कास सब्रोगेशन म्हणतात आणि भारतात तो १९६३ च्या सागरी विमा अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये नमूद आहे.

माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार ते आढळताच, आणि उशिरात उशिरा माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करावी लागते, तर दावा दोन वर्षांत दाखल करावा लागतो. बेअरिंगमधील खाच मात्र इंजिन चाचणीला लावेपर्यंत कळत नाही, आणि तोवर १४ दिवस उलटून गेले असतील तर वाहकाने लबाडी केल्याखेरीज त्याच्याविरुद्धचा दावा चालत नाही व विमा कंपनीचा वसुलीचा मार्गही बंद होतो.