धावपट्टीवरचा पाव मैल
पनवेलजवळ कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तरी सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा असल्याने, मुंबईच्या हौशी चालकांना ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे सरळ रेषेत साधारण पाव मैल (४०२ मीटर) धावण्यासाठी, घाट चढून ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी गाठावी लागली. विमानांच्या पट्टीवर मोटारी पळवण्याची ही रीत १९५० साली कॅलिफोर्नियात सांता ॲना येथे रुजली होती. अशा शर्यतीत जादा शक्ती मिळावी म्हणून सेडानला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच शक्तीवर फिरून सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा पंप, जोडला की इंधनपुरवठाही वाढवावा लागतो, अन्यथा मिश्रण अवेळी पेटून पिस्टन फुटतात. अश्वशक्तीचे कौतुक मात्र अंमळ जास्तच होते, कारण पकड नसलेले टायर जागीच फिरत राहिले, तर ती सारी धुरात जाते.