चिमणी दाखवता, साचेखाते का दाखवत नाही?

मुंबईत पाहुणे आले की फिरवायच्या ठिकाणांत आता लोअर परळचा फिनिक्स मॉल असतोच. महागडी दुकाने, सिनेमागृह, खाण्यापिण्याची चंगळ आणि या झगमगाटात उभी असलेली जुनी चिमणी. 1905 साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलची ही खूण. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

गिरण्यांचे मॉल झाले यावर हळहळणारे लेख पुष्कळ आले आहेत. 18 जानेवारी 1982 चा संप, डॉ. दत्ता सामंत, रस्त्यावर आलेले सुमारे अडीच लाख कामगार. मग 1991 च्या नियमाने ठरवलेले जमिनीचे तीन वाटे : महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 मध्ये तो नियमच बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल उचलून धरला. ही लूट खरी आहे, तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण या हळहळीत जे गिरणगाव रंगवले जाते त्याला माझा आक्षेप आहे. भजनी मंडळ, खानावळ, दहीहंडी, लाल बावटा आणि सगळे कामगार भाऊ-भाऊ!

भोंगा सगळ्यांसाठी एकच होता. खाती मात्र एक नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी चांगली मिळे आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव होता. का? धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आपली माणसे त्रासनखात्यासारख्या कमी मजुरीच्या खात्यांत राहिली. वाफेवर चालणारे यंत्र विलायतेहून आले, पण ते चालवणाऱ्याने विटाळ गावाहून सोबत आणला होता.

हा नियम मालकाने केलेला नव्हता, हे विशेष लक्षात घ्या. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी माझ्या लोकांना संपात न उतरण्यास सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. त्यावर मालकांनी त्यांनाच सुनावले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. कामगार एकजुटीच्या इतिहासात हा प्रसंग किती जण सांगतात?

जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला तो एक सिद्धांत म्हणून शिकवला गेला. पण मांडणारा माणूस परळच्या बीआयटी चाळीत 20 वर्षांहून अधिक काळ गिरणी कामगारांच्या शेजारी राहिला होता, हे कुणी सांगितले नाही.

काही कॉम्रेड म्हणतील, असले विषय काढून तुम्ही कामगारांत फूट पाडता. फूट धोट्याने आधीच पाडली होती. आणि संप करण्याच्या हक्कावरच घाला घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला होताच.

आता प्रश्न आपलाही आहे. दादरला चैत्यभूमीलगतची इंदू मिल आपल्या लोकांनी 6 डिसेंबर 2011 ला आत शिरून ताब्यात घेतली, आंदोलन केले, म्हणून तिथे बाबासाहेबांचे स्मारक होत आहे. मॉल झाला नाही, हा आपला विजय आहे. पण चर्चा सगळी पुतळ्याच्या उंचीची. उद्या लाखो लोक तिथे येतील, मान वर करून बघतील, फोटो काढतील. आपण उभे आहोत ती जागा गिरणीची होती आणि गिरण्यांमध्ये आपल्या आजोबांना कोणत्या खात्याचे दार बंद होते, हे त्यांना कुठे कळणार?

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरही महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आखली आहे. दोन्ही ठिकाणी एकेक खरा साचा बसवावा, शेजारी काचेच्या पेटीत धोटा ठेवावा आणि त्याला हात लावायची मनाई कुणाला होती आणि कुणामुळे होती, ते खाली मराठीत ठळक अक्षरात लिहावे. ही मागणी स्मारकाच्या कामावर देखरेख करणाऱ्यांकडे लेखी द्यायला हवी. मसुदा मी करतो आहे. ज्यांच्या घरात त्रासनखात्यात काम केलेले कुणी अजून हयात असेल, त्यांनी त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्याव्यात.