निजलेले मूल आणि आईवरचा आळ

बायबलाच्या जुन्या करारातील शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. एका तान्ह्या मुलावर दोन बाया हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवतो. ऐकणाऱ्याचे सारे लक्ष त्या तलवारीकडे. दुसरे मूल कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ते आदल्या रात्रीच गेलेले असते. का, तर आई झोपेत त्याच्या अंगावर पडली म्हणून! धडधाकट मूल निजेत गेले की दोष आईचा, हा निकाल इतका जुना आहे.

युरोपने तो शतकानुशतके चालवला. फ्लॉरेन्समध्ये तर दाईने मुलाला जवळ घेऊन निजताना त्याच्यावर लाकडी कमानीची चौकट ठेवलीच पाहिजे, नाहीतर धर्मबहिष्कार, असा दंडक होता. १८९२ साली स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस-सर्जन टेंपलमन यांनी अशा २५८ बालमृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे गाव. गिरण्यांत राबणाऱ्या बहुतेक बायाच. डॉक्टरांनी कारणे दिली ती आयांचे अज्ञान, हयगय, दारू आणि दाटीची घरे. मुलाच्या विम्याच्या पैशांकडेही काहींनी बोट दाखवले होते. ज्या बाईने सकाळी गार पडलेले मूल उचलले, तिच्या पदरात वर हेही!

१९६९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील परिषदेत या मृत्यूला स्वतंत्र नाव मिळाले. कारण सापडत नाही, हे निदान कबूल झाले.

पण मला अधिक बोचते ती गोष्ट निराळीच. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक अमेरिकेत घरोघर असे. १९५० नंतरच्या दशकात त्यात सल्ला आला की मुलाला पालथे निजवावे. उताणे मूल ओकले तर गुदमरेल. ऐकायला किती पटण्याजोगे! आयांनी मनोभावे ऐकले. १९८५ साली मात्र हाँगकाँगमधून डॉ. डेव्हिस यांनी लिहिले की तिथे असे मृत्यू क्वचितच होतात, आणि तिथल्या आया मुलांना उताणेच निजवतात. १९९१ साली ब्रिटनने ‘मुलाला उताणे निजवा’ अशी मोहीम काढली आणि थोड्याच वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

२००५ साली संशोधकांनी जुने कागद पुन्हा तपासले. पालथे निजवण्यातला धोका १९७० सालीच आकड्यांत दिसत होता. तेव्हाच कुणी तो पाहिला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर मुले वाचली असती.