जहाज भाड्याने घेताय? मग हा विमा समजून घ्या

आखातात आपली अनेक मंडळी आयात-निर्यातीच्या व्यवसायात आहेत. खडी, क्लिंकर, साखर असा माल मोठ्या प्रमाणात असला की अख्खे जहाजच 'चार्टर' करतात, म्हणजे भाड्याने घेतात. जहाजाचा विमा मालकाने काढलेला, मालाचा आपण काढलेला, मग आणखी काय हवे, असे अनेकांना वाटते.

पण मालकाचा विमा मालकाला वाचवतो, भाड्याने घेणाऱ्याला नाही. नुकसान तुमच्यामुळे झाले असे दिसले, तर मालकाची विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. यासाठी असतो 'चार्टरर्स लायबिलिटी' विमा.

जबाबदारी कुठे येते?

१. बंदर: तुम्ही सांगितलेले बंदर असुरक्षित निघाले आणि जहाजाचे नुकसान झाले.
२. इंधन: टाइम चार्टरमध्ये (ठरावीक मुदतीचे भाडे) इंधन तुम्ही भरता. ते खराब निघून इंजिन बिघडले.
३. माल: चुकीच्या भरणीमुळे माल खराब झाला किंवा धोकादायक मालाने पेट घेतला.

एक खटला

२४ ऑक्टोबर २००६ रोजी जपानच्या काशिमा बंदरातून वादळात बाहेर पडताना 'ओशन व्हिक्टरी' हे जहाज रुतले आणि पुढे मोडले. असुरक्षित बंदरात पाठवले म्हणून भाड्याने घेणाऱ्यांवर सुमारे १३ कोटी ७६ लाख डॉलर्सचा दावा झाला. २०१३ मध्ये ते लंडनच्या हायकोर्टात हरले, २०१५ मध्ये अपिलात जिंकले आणि २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. लांब लाटा आणि तुफान वारा असे एकत्र येणे अपवादात्मक होते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे जिंकायलाही दहा वर्षे लागली!

पॉलिसी घेताना काय पाहावे?

- रक्कम: १९७६ च्या लंडन कराराने चार्टररची जबाबदारी मर्यादित होऊ शकते. मात्र खुद्द जहाजाच्या नुकसानीसाठी मालकाने केलेल्या दाव्याला ही मर्यादा लागू नाही, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००४ साली 'सीएमए जकार्ता' खटल्यात ठरवले. म्हणून पॉलिसीची रक्कम ठरवताना जहाजाची किंमत लक्षात घ्या.
- वकिलाचा खर्च: मालकाशी होणाऱ्या करारातील वादांसाठी 'डिफेन्स' संरक्षण बहुधा वेगळे घ्यावे लागते.
- काय मिळत नाही: थकलेले भाडे आणि डेमरेज (माल चढवण्या-उतरवण्यात उशीर झाल्याचा आकार) सहसा यात येत नाहीत.
- विमा कुठे: 'पी अँड आय क्लब' आणि खासगी विमा कंपन्या दोन्ही हा विमा देतात. प्रीमियम बहुधा ठरावीक असतो.

करारावर सही करण्याआधी त्याची प्रत आपल्या विमा ब्रोकरला जरूर दाखवा. करारात एखादे कलम वाढले की जबाबदारीही वाढते. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष व्यवहारात तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.