बडनेऱ्याच्या फलाटावरून गेलेल्या नर्तकी

मुंबईहून नागपूरकडे निघालेला लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला तेव्हा वऱ्हाडच्या कापूसपेठेचे मुख्य ठाणे जी अमरावती, ती त्या मार्गापासून सहा मैल दूर राहिली आणि गाडी थांबण्याचा मान बडनेऱ्याला मिळाला. पुढे अमरावतीपर्यंत स्वतंत्र फाटा काढण्यात आला, आणि जुन्या नोंदींत 'बडनेरा बीबी' म्हणून आढळणारे हे कसबे जंक्शन होऊन जुनी वस्ती आणि नवी वस्ती अशा दोन नावांनी वाढले. या फलाटावरून बाहेर काय गेले याचा हिशेब ठेवण्यात इंग्रजी अंमलातील दफ्तरांनी कसूर केली नाही; कापसाच्या गाठी किती, कोणत्या हंगामात आणि कोणत्या भावाने गेल्या हे आजही शोधता येते. पण याच फलाटावर बाहेरून जे आत येऊन उतरले, आणि ज्याने वऱ्हाडातील दोन पिढ्यांच्या मुलींच्या मनात एक नवीच आकांक्षा रुजवली, त्याची बारनिशी कोणी लिहिलेली नाही. ते पत्र्याच्या पेट्यांतून येत असे.

चित्रपटाची पेटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिचे वर्णन सांगायला हवे. जाड पत्र्याची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकलेली, दोन बाजूंना कड्या असलेली ती पेटी उचलायला दोन हमाल लागत. झाकणावर तेलरंगाने चित्रपटाचे नाव, त्याखाली आधीच्या गावांच्या खोडलेल्या चिठ्ठ्या, आणि आत चपट्या गोल डब्यांत एकावर एक रचलेली रिळे. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला अशी तेरा-चौदा रिळे लागत. माझ्या शाळकरी वयात बडनेऱ्याच्या फलाटावर अशी एक पेटी मुख्य गाडीतून उतरून अमरावतीच्या गाडीची वाट पाहत पडलेली मी पाहिली होती. पार्सल कचेरीच्या भिंतीला टेकून, गोणपाटांच्या आणि आंब्याच्या करंड्यांच्या मधोमध ती उभी होती, आणि तिच्यावर बसलेल्या एका पोराला हमालाने दटावून खाली उतरवले होते. त्या वेळी मला ते दटावणे विशेष वाटले नाही. आज वाटते.

या पेट्या येण्यापूर्वी वऱ्हाडात नृत्य नव्हते असे मुळीच नाही. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत दंडार रात्रभर चाले आणि नागपूर-भंडाऱ्याकडची खडी गंमत आपले रसिक बाळगून होती. त्यांत लुगडे नेसून, चाळ बांधून नाचणारा तो नाच्या पुरुषच असे. मेळघाटातील कोरकूंचे गादुली-सुसून हे सबंध गावाने फेर धरून करायचे नृत्य, त्यात प्रेक्षक असा वेगळा उरतच नसे. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पौषात भरणाऱ्या बहिरमच्या यात्रेत, रोडग्यांच्या आणि हंडीतल्या मटणाच्या धुरात, तमाशाच्या राहुट्या लागत. तिथे स्त्री नाचे, परंतु तिच्या नाचण्याला शिक्षण म्हणावे, साधना म्हणावे किंवा तिच्या मनातही काही गाठायचे असेल अशी शंका घ्यावी, हे यात्रेला आलेल्या गृहस्थाच्या ध्यानीमनीही येत नसे. नृत्य होते, नर्तकी होण्याची इच्छा मात्र चारचौघांत उच्चारण्याजोगी नव्हती. ज्या घराण्यांत ते जन्माने येई तिथे ते प्राक्तन होते, आणि ज्यांत जन्माने येत नसे तिथे तो कलंक होता.

हा विचार बाहेरच्या जगात मात्र पालटू लागला होता. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले, ही गोष्ट अमरावतीकर अभिमानाने सांगतात. त्याच वर्षी त्याच नगरीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यमेळाव्यात मेनका यांचे कथक पथक उतरले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दमयंती जोशी नावाची एक मराठी मुलगी याच मेनकांच्या तालमीत वाढली आणि पुढे कथकमधील थोर नावांत गणली गेली. १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती स्थापली आणि मध्यमवर्गीय घरांतील मुली ततकाराचे धडे गिरवू लागल्या. पण पुणे बडनेऱ्यापासून दूर, आणि बर्लिन तर कल्पनेच्याही पलीकडे. ही वार्ता वऱ्हाडात पोहोचवायला पेटीच यावी लागली.

ती पेटी १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटाची. व्ही. शांताराम यांनी टेक्निकलरमध्ये काढलेल्या या चित्रपटाला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रपती पदक मिळाले, वसंत देसाईंच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा या तरुणाचा संतूर प्रथमच पडद्यामागून ऐकू आला, या गोष्टी इतिहासात नमूद आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची कथा. गिरधर हा नृत्यगुरू मंगल महाराजांचा मुलगा, त्याच्यापुढे एकच ध्येय, 'भारत नटराज' ही पदवी जिंकण्याचे. नीला ही सधन घरातील मुलगी, नाचाची हौस असलेली, आणि ही हौस म्हणजे नृत्य नव्हे हे गुरूकडून प्रथम ऐकून घेऊन मग त्यांचीच शिष्या होणारी. दोघांची तालीम, त्या तालमीतून उपजलेले प्रेम, प्रेमाने साधना भ्रष्ट होईल हे गुरूचे भय, आणि गिरधरची विद्या बुडू नये म्हणून नीलेने आपल्याकडे दोष ओढून घेऊन दूर होणे, एवढ्या सूत्रावर कथा उभी आहे. केशवराव दात्यांचा मंगल महाराज आज कठोर वाटेल. पण कथानकापेक्षा अधिक काळ मनात राहतात ते तालमीचे प्रसंग: तोंडाने बोल म्हणणारा गुरू, तोच बोल पायाने परत देणारा शिष्य, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर नृत्य आधीही पुष्कळ दिसत होते. नृत्याचा अभ्यास, त्याचे कष्ट, घाम आणि दिवसच्या दिवस एका तुकड्यावर घालवणे हे मराठी मुलखातील सामान्य प्रेक्षकाने इतक्या विस्ताराने प्रथमच पाहिले.

आणि ते खोटे नव्हते, ही त्यातील मोठी गोष्ट. गिरधरचे काम करणारा गोपीकृष्ण हा खरोखरच बनारस घराण्यातील विशीच्या आसपासचा तरुण नर्तक होता, सितारादेवींचा भाचा. संध्या, म्हणजे पूर्वाश्रमीच्या विजया देशमुख, यांना मात्र कथकची तालीम नव्हती. चित्रपटासाठी त्या गोपीकृष्णांकडे शिकल्या. म्हणजे जी शिष्या पडद्यावर शिकताना दिसते ती कॅमेऱ्यामागेही त्याच गुरुबंधूपाशी शिकत होती. संध्यांच्या नृत्यावर पुढे पुष्कळांनी टीका केली, त्यांच्या अंगविक्षेपांत आविर्भाव अधिक असे म्हटले. ती टीका मला सर्वस्वी अमान्य नाही. तरीही वयात आल्यावर पहिल्यांदा कथकचे घुंगरू बांधून त्या सिद्ध नर्तकाशेजारी उभे राहण्याचे धैर्य ज्या मुलीने दाखवले तिला मी आधी नमस्कार करीन, मग तिचे दोष काढीन.

चित्रपट आला तेव्हा बडनेरा मध्य प्रदेशात होते. वऱ्हाड १९५६ च्या १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. राज्ये अशी पालटली, पण चित्रपटाच्या धंद्याने आपल्या दफ्तरातील प्रांत बदलला नाही. अमरावती आणि भुसावळ ही ज्याची वितरणाची ठाणी, त्या मुलखाला वितरक 'सी. पी. बेरार' म्हणत आले. शासनाने पुसून टाकलेले प्रांताचे नाव असे पेट्यांच्या चिठ्ठ्यांवर जिवंत राहिले. अमरावतीत तर चित्रा, श्याम, सरोज ही चित्रपटगृहांची नावे चौकांना चिकटली.

१९५९ साली आलेला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा दुसरा टप्पा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला, आणि त्यानंतर कैक वर्षे मराठी चित्रपट म्हणजे तमाशापट असे समीकरण झाले. इथेही एक तरुण नर्तकी आहे, फडात वाढलेली, नाव कमावलेली. परंतु तिच्या नाचण्यामागे उभी आहे ती आकांक्षा नव्हे, गावच्या पाटलाने तिच्या आईबापांवर केलेल्या जुलमाची कहाणी. हा चित्रपट मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच हे बोलणे भाग आहे, की गिरधरला पदवीची आस धरण्याचा जो अधिकार चित्रपटाने सहजपणे दिला तो फडातल्या मुलीला दिला नाही. तिने उत्तम नाचावे, पण उत्तम नाचणे हेच तिचे ध्येय आहे असे म्हणू नये. देवळाच्या सभामंडपात जे नृत्य साधना ठरले ते कनातीत मोह ठरले, आणि या दोहोंमधील अंतर पावलांचे नव्हते, जातीचे होते. कनातीत नाचणाऱ्या बहुतेक बाया महार, मांग आणि कोल्हाटी समाजातल्या होत्या. अमरावतीच्या ज्या इंद्रभुवन थिएटरात नाटके होत तिथेच १९२७ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तीत ऐरणीवर होता. देवळात कोणी पाय ठेवायचा हा प्रश्न नर्तकीच्याही पायांचा होता. चित्रपटाने तो विचारला नाही.

साधना आणि मोह यांतील या भेदाचा पुरावा एकाच दिग्दर्शकाच्या दोन कृतींत मिळतो. १९७१ साली शांतारामांनी 'जल बिन मछली, नृत्य बिन बिजली' काढला. त्यात नर्तकी होण्यासाठी संपन्न घर सोडणारी मुलगी संध्यांनी केली आणि तिचा हट्ट उदात्त ठरला. पुढच्याच वर्षी 'पिंजरा' आला. त्यातली तमासगीर चंद्रकलाही संध्याच, पण तिचे नृत्य म्हणजे डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेल्या आदर्श शिक्षकाच्या अधःपाताचे निमित्त. एकच देह, तोच दिग्दर्शक, मध्ये एका वर्षाचे अंतर, आणि एकीला आकाश तर दुसरीला पिंजरा. चंद्रकला कोणाकडे शिकली, तिला काय व्हायचे होते, हे विचारायला त्या चित्रपटाला सवड झाली नाही.

प्रत्यक्षात या बायांना काय व्हायचे होते हे कळायला पडदा सोडून बाहेर यावे लागते. कलावंतिणीच्या घराण्यातल्या हंसा वाडकर पोटासाठी कोवळ्या वयात चित्रपटात आल्या. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'ने त्यांची कीर्ती झाली, आणि 'सांगत्ये ऐका' याच नावाने त्यांनी आपले आत्मकथन १९७० साली प्रसिद्ध केले. त्यात न लपवता सांगितलेले आयुष्य पुढे श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'ला आधार झाले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना तर भर खेळात कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, ही हकिकत तमाशाच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान त्यांनाही मिळाला, परंतु 'भारत नटराज' होऊ पाहणाऱ्या गिरधरसारखी कथा त्यांच्यावर त्या काळात कोणी रचली नाही. तमाशातील माणसाला केवळ कलेची ओढ असू शकते, हे मोकळेपणी म्हणणारा चित्रपट यायला २०१० साल उजाडले. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी काढलेल्या 'नटरंग'मध्ये शेतमजूर गुणा राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहतो आणि फड उभा राहावा म्हणून स्वतः नाच्या होतो. दंडारीतला लुगडे नेसलेला नाच्या ज्यांनी पाहिला होता त्या वऱ्हाडी वृद्धांना गुणा परका वाटला नसेल. पण तोही पुरुषच.

आता रिळे नाहीत आणि पेट्याही नाहीत. चित्रपट उपग्रहावरून थेट चित्रपटगृहात उतरतो आणि बडनेऱ्याच्या पार्सल कचेरीला त्याची खबरही लागत नाही. मी मात्र 'झनक झनक पायल बाजे' अजूनही पाहतो, आणि पाहताना गोपीकृष्णांवरून नजर काढून मागच्या समूहाकडे नेतो. त्या समूहात तेरा वर्षांची एक मुलगी आहे. कारवारकडच्या सदाशिवगडाजवळून आलेली, जिला त्या नाचात स्वतंत्र पाऊल टाकण्याची जागा नव्हती, बाकीच्या मुलींबरोबर हात वर करायचा आणि बाकीच्यांबरोबरच तो खाली आणायचा. वऱ्हाडात आलेल्या त्या पेटीत ती होती आणि कोणाला ठाऊक नव्हते. चार वर्षांनी 'सांगत्ये ऐका'ची पेटी आली तेव्हा नायिका म्हणून तिचेच नाव होते, जयश्री गडकर.