काडतूस संपलं, रिव्हॉल्वर उरलं

रबाळे एमआयडीसीत लेथवर पितळ कातताना पाहिलं की मला वेबली रिव्हॉल्वर आठवतं. 1915 चं मार्क 6, बोअर .455. ब्रिटिश लष्कराने 1932 मध्ये .38 चं एन्फिल्ड घेतलं आणि .455 ची काडतुसं दुर्मिळ होत गेली. हत्यार मात्र शंभरी उलटूनही धडधाकट!

परदेशातले हौशी लोक रिकामी पुंगळी जपतात, तिच्यात नवी टोपी, दारू, शिसं भरतात. खरं मोल पुंगळीचंच. ती तर इथला कुठलाही कारागीर कातून देईल. पण 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 आहे ना.. परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा. खडकीचा कारखाना 1869 पासूनचा, पण कुणाच्या कपाटातल्या सहा घरांसाठी तो थोडाच यंत्र लावणार?